रेखाचित्रातून सामग्रीयादी: प्रस्तावना

कोणतीही वस्तू घडविण्यास आरंभ करण्यापूर्वी ती कशी दिसेल हे जसे ठरवावे लागते, तसेच ती कशाकशाची होईल, तिच्यातील प्रत्येक जिन्नस किती नग, कोणत्या धातूचा, कोणत्या मापाचा आणि किती वजनाचा लागेल, हेही ठरवावे लागते. आणि यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर रेखाचित्र देते, तर दुसऱ्याचे उत्तर त्या रेखाचित्राच्या कोपऱ्यात किंवा त्याला जोडलेल्या स्वतंत्र कागदावर असलेली सामग्रीयादी देते. कारखान्यात जिला सर्रास बीओएम म्हणतात ती हीच. रेखाचित्र पाहून अभियंत्याच्या कल्पकतेची वाखाणणी होते. यादीच्या वाट्याला ते भाग्य सहसा येत नाही. तथापि खरेदीखात्यातील कारकून, भांडारात माल मोजून देणारा मनुष्य, करवतीवरचा कामगार, जोडणी करणारा फिटर आणि गिऱ्हाइकाला दर कळविणारा मालक या सर्वांचा रोजचा व्यवहार चालतो तो रेखाचित्रावर नव्हे, यादीवर. तीत एक ओळ गळाली तर सारे यंत्र उभे राहूनही एका कडीवाचून अडून बसते, आणि एक ओळ दुबार पडली तर कामाला न येणारा माल वर्षानुवर्षे फडताळात पडून त्यात पैसा गुंततो. अशा या उपेक्षित विषयाला वाहिलेले स्वतंत्र पुस्तक मराठीत येत आहे, आणि त्याच्या वाचकांत तंत्रनिकेतनांतील विद्यार्थ्यांबरोबर भोसरी-चाकणपासून कोल्हापूरच्या उद्यमनगरापर्यंतच्या लहान कारखान्यांतील ड्राफ्ट्समन व मालकही असावेत अशी अपेक्षा आहे, म्हणून या विषयाचा थोडा विस्ताराने परिचय करून देणे मला अगत्याचे वाटते.

संगणक येण्यापूर्वी ही यादी कशी होत असे, हे आज नव्याने या धंद्यात शिरणाऱ्यास ठाऊक नसते. ट्रेसिंगच्या कागदावर शाईने चित्र पुरे झाल्यावर ड्राफ्ट्समन उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातील नामपट्टीच्या वर रकाने आखी, आणि अनुक्रमांक, वर्णन, धातू, नग व शेरा अशा क्रमाने एकेक जिन्नस लिहीत जाई. मात्र ही यादी वरून खाली न लिहिता खालून वर लिहिण्याचा शिरस्ता होता, कारण पुढे एखादा जिन्नस वाढला तर त्याला वरच्या मोकळ्या जागेत सामावून घेता यावे. चित्रातील प्रत्येक भागाजवळ वर्तुळात तोच अनुक्रमांक असे, आणि तपासनीस एका हाताचे बोट वर्तुळावर व दुसऱ्या हाताचे बोट ओळीवर ठेवून सारी यादी पडताळून पाही. काम कष्टाचे होते, वेळखाऊ होते, मोजणीत चूक होण्याचा संभवही पुष्कळ होता. परंतु त्यात एक गुण असा होता की यादी करणारा मनुष्य प्रत्येक बोल्टपाशी क्षणभर थांबत असे, आणि या थांबण्यातच ‘येथे चकती लागेल की नाही’, ‘हा कोन या बाजूने पाना घालू देईल की नाही’ अशा शंका त्याला सुचत. महाराष्ट्रातील यंत्रोद्योगाची उभारणी ज्यांनी केली त्यांना या शिस्तीचे मोल पक्के ठाऊक होते. १९१० साली किर्लोस्करवाडीचा पाया घालणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे त्यापूर्वी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्ररेखाटनाचे शिक्षक होते, आणि नांगराच्या कारखान्याकडे ते फळ्यावरच्या रेघेपासून वळले, ही गोष्ट मला या संदर्भात अर्थपूर्ण वाटते.

संगणकाने या कामात जे परिवर्तन घडविले त्याचे बीज फार लवकर पडले होते. १९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेला आयव्हन सदरलँड यांनी सादर केलेल्या प्रबंधात ‘स्केचपॅड’ नावाच्या ज्या प्रणालीचे वर्णन आहे, ती टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढू देत असे, एवढेच बहुधा लोकांच्या स्मरणात राहते. पण माझ्या मते तिचे खरे महत्त्व निराळ्याच ठिकाणी आहे. सदरलँड यांनी एक मूळ आकृती आणि तिच्या अनेक प्रती असा भेद केला, आणि मूळ आकृतीत फेरफार केल्याबरोबर तिच्या साऱ्या प्रतींत तो आपोआप उतरावा अशी योजना केली. म्हणजे कागदावर दहा ठिकाणी काढलेला तोच बोल्ट हा दहा वेळा ओढलेल्या रेघांचा पुंजका न राहता एकाच बोल्टाचे दहा नग झाला, आणि जे नग म्हणून ओळखता येते ते मोजताही येते. आज आपण एक कळ दाबून यादी मिळवितो, तिचे मूळ या भेदात आहे.

डिसेंबर १९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आले आणि संगणकावरील रेखाटन मोठ्या कंपन्यांच्या वातानुकूलित खोल्यांतून निघून लहान कचेऱ्यांच्या टेबलांवर आले. त्यात ‘ब्लॉक’ आणि त्याला चिकटविलेली ‘अ‍ॅट्रिब्यूट’ ही सोय आहे. ब्लॉक म्हणजे एकत्र बांधलेली आकृती, आणि अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे तिच्यासोबत वागविलेली माहिती: भागक्रमांक, वर्णन, धातू, लांबी, पुरवठादाराचा संकेतांक. ‘डेटा एक्स्ट्रॅक्शन’ ही आज्ञा देताच संगणक साऱ्या चित्राची फेरी मारतो, असे ब्लॉक हुडकतो, सारख्या नोंदी एकत्र करून त्यांचे नग लिहितो आणि तयार तक्ता चित्रातच ठेवतो किंवा एक्सेलमध्ये पाठवितो. ही आज्ञा शिकण्यास एक दुपार पुरते. मात्र यादी करणे शिकण्यास एक दुपार पुरत नाही, आणि या दोन गोष्टींतील अंतर वाचकाच्या पुरते ध्यानात आणून देणे हेच या पुस्तकाचे प्रयोजन आहे.

कारण संगणक रेषा वाचीत नाही. चार रेषांनी वेढलेला आयत हा पोलादी पट्टीचा तुकडा आहे, खिडकीची काच आहे, की केवळ नामपट्टीची चौकट आहे, हे पाहणाऱ्या माणसाला संदर्भावरून कळते, संगणकाला कळत नाही. त्याला ते कोणीतरी सांगावे लागते, आणि सांगावयाची वेळ यादी मागण्याची नसून चित्र काढण्याची असते. ज्याने चित्र काढताना प्रत्येक जिन्नसाला त्याची ओळख दिली त्याची यादी जवळजवळ अगोदरच तयार असते, आणि ज्याने सुंदर पण निनावी रेघा ओढल्या त्याच्यापुढे अखेरीस हाताने मोजण्यावाचून गत्यंतर नसते, मग संगणक कितीही वेगवान असो. म्हणूनच यादीची विश्वसनीयता आज्ञावलीच्या किमतीवर अवलंबून नसून ड्राफ्ट्समनच्या नेमस्तपणावर अवलंबून आहे, असे माझे ठाम मत आहे.

या नेमस्तपणाची पहिली कसोटी द्विमिती रेखाचित्रात लागते. यंत्राचा एकच बोल्ट समोरून, वरून आणि बाजूने अशा तीन दृश्यांत दिसतो. तिन्ही ठिकाणी तोच ब्लॉक त्याच माहितीसह बसविला तर संगणक प्रामाणिकपणे तीन बोल्ट मोजतो, आणि बोल्ट तीनच आहेत असे यादीवर छापून मोकळा होतो. यास्तव माहिती कोणत्या एका दृश्यात वागवावयाची आणि अन्य दृश्यांत केवळ निर्जीव आकृती ठेवावयाची, याचा निर्णय काम सुरू करण्यापूर्वी घ्यावा लागतो. त्याचप्रमाणे नकलताना एकावर एक पडलेल्या दोन प्रती डोळ्यांना एकच दिसतात पण गणतीत दोन होतात. आणि घाईत एखाद्याने ब्लॉक ‘एक्स्प्लोड’ केला की आकृती तशीच राहते, पण तिच्यात भरलेली माहिती नाहीशी होते व तो जिन्नस यादीतून निघून जातो. हा शेवटचा दोष आधीच्या दोहोंहून घातक, कारण वाढलेली संख्या तपासनीसाच्या नजरेत भरते. गळलेला जिन्नस शोधावयाचा तर तो असावयास हवा होता हे आधी आठवावे लागते.

दुसरी कसोटी लिहिण्याची. एका कचेरीत तीन ड्राफ्ट्समन असतील आणि एकाने ‘षट्कोनी बोल्ट एम १६ × ५०’, दुसऱ्याने ‘बोल्ट एम१६ X ५०’ आणि तिसऱ्याने ‘एम-१६ बोल्ट, ५० लांब’ असे लिहिले असेल, तर माणसाच्या दृष्टीने एकच असलेला जिन्नस संगणकाच्या दृष्टीने तीन होतात. यादीत तीन ओळी उमटतात, खरेदीखाते तीन मागण्या काढते, आणि भांडारात तीन खोक्यांत तोच माल येऊन पडतो. गुणाकाराच्या चिन्हाऐवजी इंग्रजी अक्षर वापरणे किंवा मध्ये एक मोकळी जागा सोडणे एवढेही पुरते. यावर उपाय एकच, तो म्हणजे कचेरीचा एक भागकोश करून त्यातील ब्लॉकच सर्वांनी वापरावे आणि वर्णन हाताने टंकित करण्याची मुभा कोणालाच ठेवू नये. लहान कारखान्यांत हे सांगितले की ‘एवढ्या पसाऱ्यास आम्हाला सवड कोठे’ असे उत्तर मिळते. भागकोश नसल्याने जी सवड रोज वाया जाते तिचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाही, कारण ती थोडी थोडी करून जाते.

त्रिमिती आज्ञावलींनी, म्हणजे १९८०च्या दशकाअखेरीस पुढे आलेल्या प्रो-इंजिनिअरने आणि १९९५ साली बाजारात आलेल्या सॉलिडवर्क्ससारख्या तिच्या वारसदारांनी, तीन दृश्यांचा प्रश्न मुळातच मिटविला. तेथे आधी घन वस्तू उभी राहते आणि दृश्ये तिच्यापासून निघतात. बोल्ट एकदाच असतो, कितीही बाजूंनी पाहिला तरी. परंतु त्याबरोबर नवे प्रश्न आले. मोटरच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेली त्रिमिती प्रतिकृती जर सुट्या भागांची जोडणी म्हणून आली, तर आपण एकसंध विकत घ्यावयाच्या त्या मोटरच्या पोटातील स्क्रू आणि झाकणे आपल्या यादीत घुसतात. डावा आणि उजवा कंस आरशातील प्रतिबिंबांप्रमाणे असतील, आणि आज्ञावलीतील प्रतिबिंब स्वतंत्र भाग म्हणून नोंदले नसेल, तर यादी सांगते: कंस, नग दोन. सपाट पट्टी उलटी करून वापरता येते, त्यामुळे तेथे निभते. पण तीच पट्टी काटकोनात वाकविली की डावी ती डावी आणि उजवी ती उजवी, आणि दोन्ही एकाच हाताच्या होऊन आल्या तर त्यांतील एक भंगारात टाकावी लागते.

जोडणीच्या आत जोडणी, तिच्या आत आणखी जोडणी, अशी मांडणी आली की यादीलाही पायऱ्या येतात. पाणीपुरवठ्याच्या एखाद्या कामात तीन पंपसंच आहेत, प्रत्येक संचाला एक बेस फ्रेम आहे, आणि त्या फ्रेमवर पंप बसविण्यास चार व मोटर बसविण्यास चार बोल्ट आहेत असे धरा: वरच्या पायरीवर यादी म्हणते ‘पंपसंच, तीन’, सर्वांत खालच्या पायरीवर ती म्हणते बोल्ट चोवीस, नट चोवीस, आणि प्रत्येक बोल्टाला दोन याप्रमाणे चकत्या अठ्ठेचाळीस. पहिली यादी दरपत्रक करणाऱ्यास हवी, दुसरी खरेदीखात्यास हवी, आणि फिटरला या दोन्हींपेक्षा निराळी, पायऱ्यांसह मांडलेली यादी हवी, कारण कोणता बोल्ट कोठे जातो हे त्याला कळले पाहिजे. जोसेफ ऑर्लिकी यांच्या १९७५ सालच्या ‘मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग’ या ग्रंथात कारखान्याचे सारे नियोजन अशा पायऱ्यांच्या यादीवर उभे केलेले आहे. रेखाटनाच्या खोलीतून निघालेली यादी चुकीची असेल तर पुढचे सारे नियोजन त्या चुकीचाच बिनचूक गुणाकार करीत जाते.

आता ज्या बेस फ्रेमचा उल्लेख झाला तिच्याकडे जरा जवळून पाहू, कारण यादी आणि खरेदी यांतील अंतर तेथे स्वच्छ दिसते. आयएसएमसी १०० या चॅनेलचे १२०० मिलिमीटर लांबीचे दोन उभे आणि ५०० मिलिमीटर लांबीचे तीन आडवे तुकडे, शिवाय पायाशी १०० मिलिमीटर चौरस व १० मिलिमीटर जाड अशा चार पट्ट्या, एवढा तिचा सांगाडा. या चॅनेलचे वजन मीटरला सुमारे साडेनऊ किलो, म्हणजे ३.९ मीटरचे सुमारे ३७ किलो, आणि पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलो धरल्यास चार पट्ट्यांचे मिळून ३ किलोंच्या किंचित वर. संगणक हे सारे अचूक सांगतो. परंतु पोलाद वजनावर विकत येते, लांबीवर कापले जाते आणि नगावर मोजले जाते. बाजारात ते सहा मीटरच्या लांबीत मिळते असे धरले, तर दोन फ्रेमना लागणारे ७.८ मीटर काढण्यासाठी दोन लांब्या आणाव्या लागतात आणि दुसरीचे सुमारे चार मीटर शिल्लक राहतात. आता तीन फ्रेम करावयाच्या ठरल्या तर? लागतात ११.७ मीटर, आणि आणावयाच्या लांब्या तरीही दोनच! पहिलीतून १२०० चे चार व ५०० चे दोन तुकडे, दुसरीतून १२०० चे दोन व ५०० चे सात. करवतीच्या प्रत्येक कापाला तीन मिलिमीटर सोडूनही काम बसते, आणि दोन्ही लांब्यांच्या शेवटी हातभर तुकडासुद्धा उरत नाही. तिसऱ्या फ्रेमचे चॅनेल जणू फुकट पडले. दर काढणाऱ्याने यादीतील वजनाला भावाने गुणून भागविले तर दोन फ्रेमच्या कामात त्याला तोटा येतो. यादी वस्तूत काय आहे ते सांगते. बाजारातून काय आणावे ते तिच्यावरून काढावे लागते, आणि ही कापणीची मांडणी करण्याचे कसब पुस्तकातील ज्या प्रकरणात शिकविले आहे ते मला सर्वांत उपयुक्त वाटले.

इमारतीच्या बांधकामात हेच काम सळईवाकाईच्या तक्त्याच्या रूपाने येते, आणि त्यासाठी भारतीय मानकाने, म्हणजे १९६३ सालच्या आयएस २५०२ ने, वाकांचे आकार व मापे नेमून दिलेली आहेत. साइटवरच्या प्रत्येक ओव्हरसियरला तोंडपाठ असलेले सूत्र, म्हणजे सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमधील वर्ग भागिले १६२ बरोबर मीटरचे किलो, हे पोलादाच्या त्याच घनतेतून निघते. त्याप्रमाणे १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो भरते. या शाखेचा विचार पुस्तकात थोडक्यात केला आहे आणि तो तसाच असणे योग्य, कारण तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.

जे रेखाचित्रात नाही ते यादीत कसे येणार, हा प्रश्न मात्र थोडक्यात आटोपण्यासारखा नाही. वेल्डिंगच्या कांड्या, रंग व त्याखालचा प्रायमर, ग्रीस, आट्यांवर लावावयाचा सील, पाठवणीची लाकडी पेटी, फ्रेमखालची शिम, यांतील काहीही कोणी चित्रात काढीत नाही, आणि तरीही यांपैकी एकही नसले तर माल कारखान्याच्या दाराबाहेर पडत नाही. काही कचेऱ्यांत यासाठी चित्राच्या कडेला अदृश्य थरावर केवळ माहिती वाहणारे ब्लॉक ठेवतात. काही ठिकाणी त्रिमिती जोडणीत आकार नसलेला भाग घालतात. काही ठिकाणी अभिकल्पाची यादी वेगळी आणि उत्पादनाची यादी वेगळी ठेवून या वस्तू दुसरीत भरतात. मला तिसरी पद्धत सर्वांत निर्धोक वाटते. अभिकल्पकाने वस्तू काय आहे त्याची जबाबदारी घ्यावी आणि ती घडविण्यास काय लागते त्याची जबाबदारी उत्पादनखात्याने घ्यावी. एकाच कागदावर दोघांनी लिहिले की गळालेल्या ओळीला धनी राहत नाही.

राहिला प्रश्न फेरफारांचा. रेखाचित्र ‘अ’ आवृत्तीवरून ‘ब’ वर गेले, गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून बोल्ट १६ चा २० झाला, आणि खरेदीखात्याकडे पाठविलेली एक्सेलची प्रत जुनीच राहिली, हा प्रकार इतका नित्याचा आहे की त्याचे कोणाला आश्चर्यही वाटत नाही. चित्राशी जोडलेला तक्ता ताजा करता येतो. बाहेर गेलेली प्रत ताजी होत नाही. म्हणून प्रत्येक यादीवर ती कोणत्या चित्राच्या कोणत्या आवृत्तीवरून व कोणत्या तारखेस काढली हे छापलेले असावे, आणि हाताने दुरुस्त केलेली यादी कोणत्याही सबबीवर दफ्तरी दाखल करून घेऊ नये. दुरुस्ती चित्रात व्हावी आणि यादी नव्याने काढली जावी. हा नियम कडक वाटेल. खरेदीखात्याने जुन्या यादीवरून मागविलेले बोल्ट नव्या मापाच्या भोकांत सैल बसलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तो तसा वाटणार नाही.

पुस्तकाची रचना सोपी आहे. आरंभी ब्लॉक व भागकोश, नंतर द्विमिती चित्रातून यादी, त्यानंतर त्रिमिती जोडण्या व त्यांच्या पायऱ्या, आणि शेवटी कापणी, खरेदी व आवृत्त्यांचे दफ्तर, असा क्रम लेखकाने ठेवला आहे. एका विशिष्ट आज्ञावलीच्या बटणांवर त्याने भर दिलेला नाही, कारण बटणे दर काही वर्षांनी जागा बदलतात. पहिल्या प्रकरणाला जोडलेली उदाहरणे वाचकाने केवळ वाचू नयेत. प्रत्येक उदाहरणाची यादी त्याने आधी कागदावर हाताने करावी, मग संगणकाकडून काढावी, आणि दोन्हींत तफावत आली तर ती कोणत्या ओळीत आली आणि तेथे चूक कोणाची, हे ठरविल्यावाचून पुढच्या प्रकरणाकडे वळू नये.